बादशहाचा गुडघा : लंगडण्याचा इतिहास आणि चालण्याचे यंत्र

१/
इ.स. १७०० चा ऑक्टोबर नुकताच लागला होता. आजच्या सांगोला तालुक्यातील खवासपूर येथे, माण नदीच्या काठी, औरंगजेबाची छावणी पडली होती. डोंगराकडे अवेळी पाऊस झाला आणि रात्री पाण्याचा लोंढा छावणीत शिरला. त्या गोंधळात, जीव वाचवण्याच्या घाईत, ब्याऐंशीव्या वर्षात असलेला बादशहा अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ, तो किंचित लंगडत राहिला.

२/
यदुनाथ सरकारांनी फारसी साधनांच्या आधारे हा प्रसंग नोंदवला आहे. त्याच्या शेवटी एक मार्मिक तपशील येतो. दरबारातील खुशमस्कऱ्यांनी या लंगडण्याला वंशाचा वारसा ठरवून टाकले. मुघलांचा मूळ पुरुष तैमूर. त्याला तैमूर-ए-लंग, म्हणजे लंगडा तैमूर, असे म्हणत. तेव्हा बादशहाचा पाय दुखावला याचा अर्थ जगज्जेत्या पूर्वजाचे लक्षण वंशजात उतरले, असा या मंडळींचा युक्तिवाद होता!

३/
मित्रहो, आपण इतिहासाचे विद्यार्थी लढाया, तह, सनदा वाचतो. माणसाची चाल मात्र वाचत नाही. वास्तविक चाल हेही एक साधन आहे. सांध्यात बिघाड झाला की शरीर ठरावीक नियमांनी आपली चाल बदलते, आणि ते नियम तैमूराला, औरंगजेबाला व आपल्या घरातील आजीला सारखेच लागू पडतात. आजच्या धाग्यात दोन बादशहांचे दोन गुडघे समोर ठेवून हे नियम समजून घेऊ.

४/
प्रथम निरोगी चाल पाहू. एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचे एक आवर्तन होते. त्यातील सुमारे ६० टक्के काळ तो पाय जमिनीवर असतो आणि सुमारे ४० टक्के काळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचे क्षण आवर्तनात दोनदा येतात. मिळून सुमारे २० टक्के. उरलेला सगळा वेळ आपण एका पायावर उभे असतो. चालणे ही एका पायावर पुन्हा पुन्हा तोल सांभाळण्याची क्रिया आहे, हे एवढ्यावरूनच ध्यानात येईल.

५/
घड्याळाचा लंबक उलटा करून पाहा. पाय ही त्याची दांडी आणि धड हा गोळा. टेकलेल्या पायावरून धड कमानीसारखे पुढे जाते, वर चढते, मग उतरते आणि उतरताना मिळालेला वेग पुढच्या पावलाच्या कामी येतो. या युक्तीमुळे निरोगी माणूस मैलोन्‌मैल चालू शकतो. देहू-आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारा वारकरी याच काटकसरीवर चालतो. सांधा दुखू लागला की पहिला घाव या काटकसरीवर पडतो. तेवढ्याच अंतराला अधिक श्रम लागतात, आणि दम आधी लागतो.

६/
आता गुडघ्याचे काम. टाच टेकताच गुडघा सुमारे १५ ते २० अंशांत वाकतो आणि गाडीच्या शॉक-अब्सॉर्बरप्रमाणे धक्का पचवतो. पुढे पाय हवेत असताना तो सुमारे ६० अंशांत वाकतो, म्हणजे पाय तात्पुरता आखूड होतो. पाऊल पुढे नेताना बोटे जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटरच वर असतात. गुडघा वाकला नाही, तर पाऊल जमिनीला अडणारच. उंबऱ्याला वा सतरंजीच्या कडेला अडखळणारे वृद्ध आपण पाहतो, त्यामागे अनेकदा हे दोन सेंटीमीटर असतात.

७/
सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना तो साडेतीन पटींच्या घरात जातो. वजन तेवढेच, मग भार इतका कसा? सांधा स्थिर ठेवण्यासाठी भोवतालचे स्नायू खेचतात आणि त्यांची ओढही सांध्यावरच दाब देते. गुडघा दुखणारा माणूस गड चढताना फारशी तक्रार करीत नाही आणि उतरताना कळवळतो, त्याचे कारण या आकड्यांत आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार धरून ठेवतो आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते.

८/
संधिवात म्हटले की आपण सगळी सांधेदुखी एकाच पोत्यात भरतो. तिचे निदान तीन प्रकार तरी वेगळे काढायला हवेत. पहिला, हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजल्याने होणारा. दुसरा आमवात, यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. तिसरा वातरक्त, युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात, विशेषतः पायाच्या अंगठ्यात, साचल्याने तो होतो. जुन्या दुखापतीतून आलेला संधिवात पहिल्या प्रकारात मोडतो. अस्थिबंध फाटले वा सांधा वाकडा बसला की कूर्चेवर असमान भार पडतो आणि ती लवकर झिजते. नीट न बसलेल्या गुडघ्याचे पुढे काय होते, याचे उत्तर बहुधा हेच असते.

९/
आपल्या पूर्वजांचे निरीक्षण या बाबतीत विलक्षण सूक्ष्म होते. सुश्रुतसंहितेत सुजलेल्या गुडघ्याला क्रोष्टुकशीर्ष असे नाव आहे. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. फुगलेला गुडघा पाहून वैद्याला कोल्ह्याचे डोके आठवले. एका पायाने अधू तो खंज, दोन्ही पायांनी अधू तो पंगु, असाही भेद तेथे केलेला आहे.  सुजलेल्या गुडघ्यामुळे मांडीच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच क्षीण होते आणि तो वाळू लागतो, असे आजचे शरीरशास्त्र सांगते.

१०/
आता लंगडण्याकडे येऊ. पहिला प्रकार वेदनेचा. दुखऱ्या पायावर कमीत कमी वेळ उभे राहावे, ही शरीराची सहज बुद्धी. त्यामुळे त्या पायाचा जमिनीवरचा काळ आखडतो आणि चांगला पाय घाईने खाली येतो. ही चाल डोळे मिटूनही ओळखता येते. निरोगी पावलांचा ताल समान असतो. वेदनेची चाल एक लांब, एक तोकडी अशी ऐकू येते. शिवाय पावले लहान होतात, वेग उतरतो आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा काळ वाढतो. वाकवले की दुखते म्हणून गुडघा ताठ ठेवला जातो आणि मग प्रत्येक पावलाचा धक्का न पचता वर कमरेपर्यंत पोहोचतो.

११/
दुसरा प्रकार आखडलेल्या गुडघ्याचा. येथे वेदना असेलच असे नाही. बिजागरीच गंजलेली असते. पाय हवेत असताना आखूड होत नाही, म्हणून माणूस दोनपैकी एक तोड काढतो : त्या बाजूची कंबर वर उचलतो, अथवा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. गवत कापणाऱ्या विळ्याच्या फेऱ्यासारखी ही हालचाल दिसते. वेदनेच्या चालीत बिघाड दिसतो पाय जमिनीवर असताना; आखडलेल्या चालीत तो दिसतो पाय हवेत असताना. एवढा एक भेद लक्षात ठेवला, तरी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची चाल पुष्कळ काही सांगू लागते.

१२/
तैमूराचा पाय दुसऱ्या प्रकारचा होता आणि हे आपल्याला निश्चित ठाऊक आहे. जून १९४१ मध्ये सोव्हिएत मानववंशशास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांच्या सहभागाने समरकंदच्या गूर-ए-अमीर या वास्तूतील त्याची कबर उघडण्यात आली. सांगाड्याच्या उजव्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाला जुळून एकजीव झालेली आढळली. उजवा कोपरही आखडलेला होता. तारुण्यात, १३६० च्या दशकात, सीस्तानच्या भागात झालेल्या जखमांशी परंपरा त्याचे लंगडेपण जोडते. तरीही या पायानिशी, बहुतेक घोड्याच्या पाठीवरून, त्याने दिल्लीपासून अनातोलियापर्यंत मोहिमा केल्या.

१३/
(जाता जाता : कबर उघडली म्हणून तैमूराचा शाप लागला आणि दुसऱ्याच दिवशी हिटलरने रशियावर स्वारी केली, ही कथा समाजमाध्यमांवर वरचेवर फिरते. त्या स्वारीच्या आदेशावर हिटलरची सही १८ डिसेंबर १९४० रोजीच झाली होती. शापाला सहा महिने आधी लागण्याची सोय नसते.)

१४/
आता खवासपूरचा गुडघा. साधने काय सांगतात? गुडघा निखळला, नीट बसला नाही, पुढे किंचित लंगडणे राहिले. या शेवटच्या तपशिलावर थांबा. सांधा तैमूरासारखा जुळून गेला असता, तर ते व्यंग ‘किंचित’ या शब्दात मावले नसते. म्हणजे सांधा हलत होता, पण त्याची घडी बिघडली होती. ऐंशी ओलांडलेल्या गुडघ्यातील कूर्चा आधीच झिजलेली असणे स्वाभाविक. त्यावर ही दुखापत. वेदनेची, आखडत्या पावलांची चाल, असा तर्क येथे अधिक सयुक्तिक ठरतो. तो तर्क आहे, निदान नव्हे, हे मात्र विसरू नये.

१५/
दरबारी खुशामतीतील गंमत आता उलगडते. पूर्वजाचा पाय तारुण्यातील जखमांनी आखडलेला. वंशजाचा वार्धक्यात पुरातून निसटताना निखळलेला. दोन वेगळी कारणे आणि, तर्क खरा असेल तर, दोन वेगळ्या चाली. ‘लंग’ या एका शब्दाने त्या एका माळेत ओवल्या गेल्या. सत्तेच्या भोवती शरीराचा अर्थ असाच बदलला जातो. सामान्य माणसाचे लंगडणे हे व्यंग आणि राजाचे लंगडणे हा वारसा!

१६/
चिकित्सक वाचक येथे एक प्रश्न विचारील : औरंगजेबाच्या हाती काठी आली ती या दुखापतीमुळेच का? याचे उत्तर एका प्रवाशाकडे मिळते. नेपल्सचा जेमेल्ली कारेरी १६९५ च्या मार्चमध्ये कृष्णाकाठच्या गलगले येथील छावणीत बादशहाला भेटला. वयाने वाकलेला, काठीवर रेललेला, सडपातळ वृद्ध असे वर्णन त्याने केले आहे. म्हणजे काठी खवासपूरच्या पाच वर्षे आधीपासून होती. एखाद्या चित्रात वा वर्णनात काठी दिसली की ती थेट १७०० च्या गुडघ्याला जोडणे ही घाई ठरेल. साधनांचा कालक्रम आधी, निष्कर्ष नंतर.

१७/
काठीचे गणित समजून घेण्यासाठी खुब्याकडे जावे लागेल. एका पायावर उभे राहा. खुब्याचा सांधा हा टेकू समजा. एका बाजूला धडाचे वजन, दुसऱ्या बाजूला खुब्याच्या बाहेरील स्नायूंची ओढ. ही एक कावड आहे, पण समतोल नसलेली. वजनाच्या बाजूची दांडी लांब आणि स्नायूंच्या बाजूची तोकडी. वजनाची दांडी अडीच-तीन पट लांब भरते. म्हणून कावड सरळ ठेवायला स्नायूंना वजनाच्या कित्येक पट ओढ द्यावी लागते. वजन आणि ओढ मिळून सगळा भार टेकूवर, म्हणजे खुब्यावर पडतो. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९३० च्या दशकात हे गणित मांडले.

१८/
खुब्यात संधिवात झालेला माणूस चालताना दुखऱ्या बाजूला झुकतो. वरवर पाहता हे उफराटे वाटते. दुखऱ्या बाजूवर का झुकावे? कारण झुकल्याने धडाचे वजन टेकूच्या जवळ येते, लांब दांडी तोकडी होते, स्नायूंना कमी ओढावे लागते आणि सांध्यावरचा एकूण दाब उतरतो. हे स्नायूच दुर्बल असतील, तर पाय उचलताच समोरच्या बाजूची कंबर खाली ढळते. १८९५ मध्ये जर्मनीतील फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी हे लक्षण वर्णिले. आजही वैद्यकाचे विद्यार्थी त्यांच्याच नावाने ते शिकतात.

१९/
यावरून काठी कोणत्या हातात धरावी याचे उत्तर आपोआप मिळते. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. त्या हाताची दांडी सर्वांत लांब असल्याने काठीवरचा थोडा दाबही खुब्यावरील बराच मोठा भार हलका करतो. गुडघ्यासाठीही हाच नियम आहे. चित्रपटांत आणि वास्तवातही पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि तिचा बराचसा लाभ घालवतात. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये ‘काठी टाकून देऊ नका’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेखच लिहिला. शस्त्रक्रियांच्या नव्या युगात काठीची लाज वाटू नये, हा त्यातील आग्रह होता.

२०/
गुडघ्यात एक दुष्टचक्रही फिरते. चालताना पावलातून वर येणारा जोर गुडघ्याच्या मध्यातून न जाता आतल्या बाजूने जातो. म्हणून आतील अर्ध्या भागावर अधिक भार येतो आणि बहुधा तोच आधी झिजतो. तो झिजला की पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो. पाय वाकला की जोराची रेषा आणखी आत सरकते आणि आतला भाग आणखी झिजतो. अशा व्यक्ती पावले थोडी बाहेर वळवून, डावी-उजवीकडे झोकांड्या खात चालतात. आपल्याकडे वृद्ध स्त्रियांची चाल म्हणून ती इतकी परिचित झाली आहे की तो आजार आहे, हेच ध्यानात येत नाही.

२१/
घोटा आणि बोटे यांचाही हिशेब असतो. पाऊल उचलताना शेवटचा रेटा अंगठ्यावरून दिला जातो आणि त्यासाठी अंगठा वर वळावा लागतो. वातरक्ताने वा आमवाताने हे सांधे दुखू लागले की माणूस रेटा देणेच टाळतो. तो पाऊल सपाट उचलतो, सपाट ठेवतो, फरफटत पुढे जातो. एकाच आजाराची चार ठिकाणे आणि चार वेगळ्या चाली. खुबा झुकवतो, गुडघा आखडवतो, घोटा पाऊल तोकडे करतो, बोटे फरफटवतात.

२२/
पुन्हा इतिहासाकडे. १७०० च्या मार्चमध्ये छत्रपती राजारामांचा सिंहगडावर मृत्यू झाला आणि महाराणी ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली. लढा थांबला नाही. परिणामी दुखऱ्या गुडघ्याच्या या बादशहाने पुढची वर्षे सह्याद्रीतील सर्वांत अवघड मुलखात काढली : १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. गुडघा म्हणजे चढ-उताराचा शत्रू, आणि हा सारा मुलूख चढ-उतारांचा!

२३/
तोरण्यानंतर छावणी हलली ती खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला. १७०४ च्या एप्रिलपासून पावसाळा सरेपर्यंत ती तेथेच होती. आमच्या तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे जाणारा रस्ता आज अवजड ट्रकांनी आणि कारखान्यांच्या बसगाड्यांनी भरलेला असतो. त्याच रस्त्याने चाकण गाठून थोडे उत्तरेला गेले की खेड येते. ज्या दाभाडे घराण्याच्या नावाने हे गाव ओळखले जाते, त्यातील खंडेराव त्या काळी मराठ्यांच्या बाजूने लढत होते. पुढे १७१७ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना सेनापतिपद दिले. आपल्या परिसराच्या इतिहासात बादशहाची एक अख्खी पावसाळी छावणी आहे, हे आपल्यातील कितीजणांना ठाऊक असते?

२४/
मग हा मुलूख त्याने कसा पार केला? पालखीतून, तख्त-ए-रवां नावाच्या फिरत्या सिंहासनातून. आणि येथे कथेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. बादशहाचा गुडघा वाचला, तो कोणाच्या गुडघ्यांवर? पालखी वाहणाऱ्या भोयांच्या! खांद्यावर भार घेऊन उतरण उतरताना गुडघ्यावर काय गुजरते, हे आपण सातव्या भागात पाहिले. सपाट रस्त्यावरचे आकडे त्यांना लावू नका. चिखल, निसरडे खडक, पाठीमागून येणारा रेटा आणि पाय घसरला तर दया नाही.

२५/
विशाळगड घेतल्यावर १७०२ च्या भर पावसाळ्यात ही फौज पन्हाळ्याकडे परतली. सुमारे ३० मैलांचे अंतर कापायला ३८ दिवस लागले. उंट चालेनात, बैल चिखलात रुतले, ओढ्यांना पूर. ओझी माणसांच्या डोक्यावर आली. सेनापतींच्या नावांनी भरलेल्या इतिवृत्तांत त्या हमालांची, भोयांची, बेलदारांची नावे नाहीत आणि त्यांच्या गुडघ्यांचे काय झाले याची ओळही नाही. एका गुडघ्याला वंशावळ मिळाली. हजारोंना साधी नोंदही मिळाली नाही.

२६/
कागद बोलत नाहीत तेथे हाडे बोलू शकतात. कूर्चा पूर्ण झिजून हाडावर हाड घासले की पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत, चकचकीत होतो. शतकांनंतरही ही झिलई सांगाड्यात टिकते. सतत उकिडवे बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या टोकावर आणि घोट्याच्या हाडावर घासल्याचे लहान पैलू उमटतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाबरोबर मानवी अवशेषांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. कोणी ओझी वाहिली, कोण कसे बसले, कोण लंगडले, याचा इतिहास राजांच्या बखरींबाहेर, अशा प्रयोगशाळांतही लिहिला जातो.

२७/
उपचारांचा इतिहासही थोडक्यात पाहू. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा सांधा बसवून पाहिला. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी यांचा खुबा यशस्वी केला. गुडघ्याची वाट अधिक अवघड होती. परदेशी रचनांना खुर्चीत बसण्याइतके वाकणे पुरेसे होते. आपल्याला मांडी घालायची असते, उकिडवे बसायचे असते. पुण्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या या गरजा ध्यानात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. पंगतीला बसण्याची रीतसुद्धा अभियांत्रिकीचा प्रश्न असते, याचे हे सुंदर उदाहरण होय.

२८/
या साऱ्यातून आपण काय घ्यावे? औरंगजेबाबद्दल महाराष्ट्राचे मत काय आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याचे गुडघेदुखीचे वर्णन वाचून ‘बरी अद्दल घडली’ असे म्हणणारेही भेटतात. पण व्यंगाला दैवी शिक्षा मानणे आणि व्यंगाला राजवंशाचे लक्षण मानणे, या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. दोन्ही ठिकाणी शरीर नाहीसे होते आणि प्रतीक उरते. त्याच्या कारकिर्दीचा न्याय त्याच्या कृत्यांवर करावा. तेवढा पुरावा पुरेसा आहे. गुडघ्याला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही.

२९/
ही चूक घरातही होते. आजी जिन्यावर कठड्याला धरून एकेक पायरी उतरते, तेव्हा आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. वय हे कारण आहे, उत्तर नाही. मांडीचे स्नायू व्यायामाने बळकट होऊ शकतात. वजन थोडे उतरले तरी गुडघ्यावरचा भार त्याच्या कित्येक पटींनी उतरतो, कारण वर सांगितलेली पट तेथेही लागू होते. काठी योग्य हातात, योग्य उंचीची असेल तर पावले लांबतात. वेदना टिकून राहिली, सांधा सुजला वा तापला, तर डॉक्टरांना दाखवणे हेच शहाणपण. लंगडणे ही शरीराने वेदनेशी केलेली तडजोड आहे. ती ओळखली तर तिच्या अटी सुधारता येतात.

३०/
अडचण येते ती लाजेची. ‘काठी घेतली की लोक म्हातारा म्हणतील’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. तीनशे वर्षांपूर्वी दरबाराला नेमकी हीच लाज झाकायची होती, म्हणून तैमूरापर्यंत वंशावळ ताणावी लागली. बादशहाजवळ खुशमस्करे होते, पालखी होती, भोई होते. आपल्या माणसांजवळ यांपैकी काही नाही; त्यांना स्वतःच्याच पायांनी दळण आणायचे असते, बस पकडायची असते, जमले तर आषाढात चार पावले पालखीबरोबर चालायचे असते. त्यांच्या काठीला वारशाची गरज नाही. तिच्याकडे कोणी वळून पाहू नये, एवढे पुरे.

३१/
धागा येथे थांबवतो. पुढच्या वेळी चालण्याचाच, पण फौजेच्या चालण्याचा विषय घेऊ : १७७९ च्या जानेवारीत बोरघाट चढून आलेली इंग्रजांची फौज तळेगावापर्यंत कशी रखडत पोहोचली आणि वडगावला तिला शरण का यावे लागले. तोवर प्रश्न, शंका, दुरुस्त्या अवश्य लिहा. आणि तुमच्या गावाच्या इतिहासातही एखादी चाल नोंदलेली असेल, तर ती येथे जरूर सांगा.